भिवंडीचे लूम, दिघाशीची म्हैस आणि एक पिवळी ओळ

भिवंडीला निघालेय असं सांगितलं की माणसं दोनच प्रश्न विचारतात. "कापड घ्यायला का?" नाहीतर "गोदामात पार्सल अडकलंय का?" फिरायला जातेय म्हटलं असतं तर घरच्यांनी मला डॉक्टरकडे नेलं असतं. मी गेले होते एका पिवळ्या ओळीसाठी. ती काय भानगड आहे ते आधीच सांगते, म्हणजे पुढचं डोक्यावरून जाणार नाही.

मी कोल्हापूरची. घर ख्रिस्ती, तोंड कोल्हापुरी आणि पोटापाण्याचा धंदा प्रोग्रॅम लिहिण्याचा. आमची छोटीशी संस्था एक सॉफ्टवेअर बनवते. गावोगावच्या मंडळ्यांना आपल्या बोलीतलं शास्त्र लोकांच्या मोबाइलवर द्यायचं असतं, पण अ‍ॅप कसं बनवतात हे त्यांच्यातल्या कोणालाच ठाऊक नसतं. त्यांनी आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एका बाजूनं मजकूर आणि वाचनाचं रेकॉर्डिंग घालायचं, की दुसऱ्या बाजूनं तयार अ‍ॅप बाहेर पडतं. पिठाच्या गिरणीसारखंच आहे म्हणा ना. त्यातला एक भाग खास माझा. आवाज जे वाक्य वाचत असेल ते पडद्यावर पिवळं होतं, म्हणजे ज्याला वाचायची सवय नाही तोही त्या पिवळ्या ओळीमागून चालत राहतो. वाचणारा कुठे थांबला यावरून माझा प्रोग्रॅम ओळ बदलतो. वाक्य संपलं की माणूस थांबतो, हे मी धरूनच चालले होते. भिवंडीतही असंच असतं का, हे काही मी विचारलं नव्हतं.

तर भिवंडीच्या पास्टर सुनील यांचा फोन आला. त्यांच्या मंडळीनं ठाण्याच्या खेड्यांतल्या हाय-न्हायच्या बोलीत शुभवर्तमानाचं भाषांतर केलं होतं आणि येशूच्या जन्माचा अध्याय आधी अ‍ॅपवर आणायचा होता. ते म्हणाले, "ताई, तुमच्या अ‍ॅपमध्ये बाळ जन्माला यायच्या आधीच मेंढपाळ बघून घरी जातात."

मी म्हटलं, "फोन बंद करून परत चालू करा."

त्यांनी केला. मेंढपाळ पुन्हा लवकर घरी गेले. मी तोच सल्ला आणखी एकदा दिला, कारण आमच्या धंद्यात त्याला सल्ला म्हणत नाहीत, वेळ काढणं म्हणतात. शेवटी आमच्या साहेबांनी निकाल दिला. रविवारी उपासनेत अ‍ॅप सुरू करायचंच होतं. शनिवारी सकाळपर्यंत दुरुस्त झालं नाही तर गावच्या माणसाचा आवाज काढून टाकायचा आणि मुंबईच्या स्टुडिओतून प्रमाण मराठीतला एक गुळगुळीत आवाज घालायचा.

"असं नका करू," पास्टर कळवळून म्हणाले. "आमच्या वाचणाऱ्या गजाकाकांनी सगळ्या सासुरवाडीला सांगून ठेवलंय, आता माझा आवाज मोबाइलमधून येणार म्हणून."

माझा प्रोग्रॅम चुकतो म्हणजे काय, या एका रागावर मी बॅग भरली.

कशेळी

ठाण्याहून रिक्षा केली. कशेळीच्या पुलापर्यंत ती धावली आणि मग नुसती उभी राहिली. पुढे कंटेनर, मागे कंटेनर आणि दोन्ही अंगांना गोदामं. मी घरबसल्या मागवलेली प्रत्येक चप्पल इथूनच निघत असणार. चप्पल बिनबोभाट कोल्हापूरला पोचते आणि जिवंत माणूस इथून हलत नाही, हे मला काही झेपलं नाही.

पास्टर मला घ्यायला पुलाशी येऊन उभे होते. आमच्याकडे ख्रिस्ती माणसं एकमेकांना सलाम करतात, वाडवडिलांपासूनची रीत आहे. मी रिक्षातून मान बाहेर काढून ओरडले, "सलाम, पाळकसाहेब!"

"वालेकुम अस्सलाम, बाजी," रिक्षावाल्यानं उत्तर दिलं. शेजारच्या टेम्पोतूनही एक उत्तर आलं.

"इकडे आम्ही नमस्कारच करतो, ताई," पास्टर हसत म्हणाले. "सलाम केला तर अख्खा रस्ता जवाब देतो."

जेवण त्यांच्या कशेळीच्या मावशींकडे होतं. मावशींचं घर खाडीकाठचं. जमिनीवर आता गोदाम उभं आहे, पण खाडी अजून सुटलेली नाही. ताटात तांदळाची भाकरी आली, तिच्यावर मी खूश झाले. मग कालवण आलं आणि त्यातून एक मासा डोळे वर काढून माझ्याकडे बघायला लागला. निवटी म्हणतात त्याला, चिखलात राहतो. आमच्याकडे तांबड्या रश्श्यात काय आहे ते खाणाऱ्याला दिसतं, पण रश्श्यातलं मटण खाणाऱ्याकडे बघत नाही.

"खा गो बाय," मावशी म्हणाल्या. "डोले हायेत म्हंजे काय झाला? तो काय तुला चावतंय?"

मी भाकरीचा तुकडा त्याच्या डोळ्यांवर ठेवला आणि खाल्लं. चव अशी की दुसऱ्याच्या डोळ्यांवर काही ठेवायची तसदी घेतली नाही.

भिवंडी

पास्टरांचं चर्च म्हणजे लूमच्या, यंत्रमागांच्या, दोन कारखान्यांमधल्या इमारतीचा पहिला मजला. खटक्‌-खटक्‌ असा आवाज खालून पायांत शिरतो आणि दातांपर्यंत येतो. आमच्या चर्चमध्ये कोणाच्या हातून नाणं पडलं तरी तीन बाकांवरच्या माना वळतात. इथे भरल्या उपासनेत हंडा पडला असता तरी कळलं नसतं. एक मात्र खरं, इथे प्रवचनात कोणाला झोप लागत नाही. आमच्या पाळकसाहेबांना हे सुख मिळालेलं नाही.

रेकॉर्डिंगची खोली बघून मी थक्क झाले. कोठीच्या चारी भिंतींना छतापर्यंत कोऱ्या कापडाचे तागे रचलेले. दार लावलं की लूमचा आवाज दूर गेल्यासारखा वाटे. अगदी बंद नाही, पण माझ्या मायक्रोफोनला चालण्यासारखा.

"बसा मॅडम!" मागून कोणीतरी असं गरजलं की मी बसलेच.

हे गजाकाका. उभा जन्म लूमवर गेलेला, आता घरी बसलेले आणि चर्चमध्ये शास्त्र वाचण्याचा मान त्यांच्याकडे. लूमच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय अशी लागली की कामावरून सुटले तरी आवाज सुटला नाही. पूर्ण नाव गजानन. शुभवर्तमान वाचणारा गजानन, याची मला गंमत वाटली आणि ती त्यांना दिसली.

"नाव आयनं ठेवलंय!" ते म्हणाले. "तिला इचारल्याबिगर कसा बदलू? आन ती तर गेली!"

मी रेकॉर्डिंग चालू केलं.

काका छान वाचत होते, हे आधी सांगितलं पाहिजे. बोली अशी खणखणीत की पुस्तकातली माणसं उठून समोर बसावीत. पण देवदूत मेंढपाळांना "भिव नका" असं म्हणतो ते वाक्य काकांनी इतक्या जोरात वाचलं की माझ्या यंत्रावरची आवाजाची पट्टी लालभडक झाली. असा देवदूत आला असता तर ते मेंढपाळ अजून पळत असते.

आणि मग ते थांबले. वाक्याच्या मधोमध. मान भिंतीकडे वळवली, कान टवकारला, थोडं थांबले आणि जणू काही झालंच नाही असे पुढे निघाले. पुढच्या वाक्यात पुन्हा तेच. "तिनं त्याला कापडात गुंडाळला आन" इथे थांबले. बाळ हातातच राहिलं.

"काका, मध्येच का थांबता?"

"कवा थांबलो?"

"आत्ता. बाळाला गुंडाळलं आणि थांबलात."

"हां, त्ये! शेजारच्या शेडमंदी तार तुटली, धाग्याची! लूम थांबला!"

"मग तुम्हाला काय करायचंय?"

त्यांनी माझ्याकडे दयेनं बघितलं. "लूम थांबला का मानूस थांबतो!"

बाकीच्या लूमच्या गदारोळातून एक लूम थांबलेला मला कधीच कळला नसता. त्यांना आयुष्यभराची सवय. लूम थांबला म्हणजे तार तुटली, तार तुटली म्हणजे हातातलं टाकून बघायचं. तर माझा प्रोग्रॅम निर्दोष होता. तो इमानेइतबारे शेजारच्या कारखान्यातल्या तुटलेल्या तारांवर ओळी बदलत होता. मला इतका आनंद झाला की मी पास्टरांचा हातच हातात घेतला. मग लक्षात आलं की दोष सापडला असला तरी तो दुरुस्त करायला माझ्याकडे पाना नव्हता.

"उद्या शुक्रवार आहे," पास्टर म्हणाले. "लूमला सुट्टी. तार तुटणारच नाही."

शुक्रवारी गाव खरोखर शांत होतं. लोक रस्त्यात थांबून बोलत होते. मी दार लावलं आणि काकांना खूण केली. काकांनी अध्याय सुरू केला आणि संपवला. मध्ये काही घडलंच नाही. एकही लूम थांबला नाही, म्हणून काकाही थांबले नाहीत. कैसराच्या हुकमापासून मेंढपाळांच्या परतीपर्यंत एका दमात, सगळं त्याच पट्टीत. माझ्या पडद्यावर पूर्ण अध्याय हळद लागलेल्या नवरीसारखा वरपासून खालपर्यंत पिवळा.

मी कागदावर प्रत्येक वाक्याशेवटी लाल ठिपके दिले. काका म्हणाले, "ठिपका दिसतंय, पन तोंड आधी जातंय!" मग ठरलं की मी हात वर केला की त्यांनी थांबायचं. मी हात वर केला आणि काका उठून बाहेर गेले. परत आणून बसवले. पुन्हा हात वर केला, पुन्हा बाहेर. पास्टरांनी उलगडा केला. लूमच्या आवाजात कोणाचं कोणाला ऐकू जात नाही, तिथे सगळं हातांवर चालतं, आणि तळवा वर केला की चहा आला. मी दोन प्याले चहा प्यायले आणि तो बेत सोडला.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. उद्या सकाळी स्टुडिओचा आवाज घालायचा, ते म्हणाले. मी हळूच "बरं" म्हटलं, पण तोंड लपवता येत नाही.

"माजा आवाज न्हाय चालत का?" काकांनी विचारलं. विचारलं तेही कारखान्याच्या त्या टोकाला ऐकू जाईल असंच, पण नजर जमिनीवर होती. मला फार वाईट वाटलं. माझ्या पिवळ्या ओळीपायी एका माणसाचं त्याच्या सासुरवाडीत नाक कापलं जाणार होतं.

दारात त्यांच्या बायको, इंदूकाकी, तयार होऊन उभ्या होत्या. दिघाशीला त्यांच्या भावाकडे म्हैस व्यायली होती, खरवस खायचं बोलावणं होतं. "चला," त्या म्हणाल्या. "काशिनाथ वाट बघतंय."

"कंच्या तोंडानं येऊ?" काका गरजले.

"खरवस खायच्या," काकी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या, "तू पन चल गो. हितं बसून काय रडतंस?"

मी लॅपटॉप आणि मायक्रोफोन पिशवीत टाकले. का टाकले ते सांगता येणार नाही, पण आमच्या जातीची माणसं लग्नालाही लॅपटॉप नेतात.

दिघाशी

गोदामं संपली, कंटेनर संपले आणि कापणी झालेली भातशेतं लागली. कुठे कुठे वाल फुलले होते. काशिनाथ शेतकरी, घर देवाधर्माचं. खरवसाची पहिली वाटी गावदेवीला गेली, मग आम्हाला. आमच्याकडे पहिली वाटी शेजाऱ्यांना जाते, म्हणजे देवी काय आणि शेजारीण काय, रुसू नये एवढाच हेतू. गूळ घालून केलेला तो थरथरता खरवस खाताना मी साहेबांना पूर्ण विसरले.

काका मात्र खाली मान घालून बसले होते, कारण ओटीवर माणसं जमली होती. मोबाइलचा आवाज मोठा व्हावा म्हणून काशिनाथच्या बायकोनं मधोमध एक रिकामा टोप मांडून ठेवला होता.

"लावा दाजी, आयकू द्या," काशिनाथ म्हणाला.

"आज न्हाय!" काका म्हणाले. "मशीन बिघडलंय!"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मशीन म्हणजे मी. मी खरवस गिळला आणि त्याबरोबर ते बोलणंही.

धारेची वेळ झाली. रेडकू धरायला काशिनाथनं काकांना गोठ्यात बोलावलं. म्हशीचं नाव बिजली, आणि ते का ठेवलं ते लगेच कळलं. काका आत शिरून म्हणाले, "कुठं बांधू?" आणि बिजलीनं लाथ झाडली. बादली काशिनाथच्या मांडीवर.

"दाजी, हितं वरडू नका," काशिनाथ दबक्या आवाजात म्हणाला. "नवी यायलेली हाय. पान्हा चोरंल. हळू बोला. सारखं बोलत ऱ्हावा, म्हंजे तिला भरवसा वाटंल."

"काय बोलू?" काकांनी विचारलं. आवाज त्यांच्या मानानं अर्धा.

"काय बी बोला. अजून हळू."

काका म्हशीच्या तोंडाशी उकिडवे बसले. इतक्या वेळा वाचून एकच गोष्ट त्यांना तोंडपाठ झाली होती, तीच त्यांनी सुरू केली. कैसराचा हुकूम निघाला, असं त्यांनी बिजलीला हळूच सांगितलं. मग थांबले. तिचा कान हलला का बघितलं. नाही हलला. तेव्हा पुढचं वाक्य सांगितलं आणि पुन्हा थांबले.

मी दारात उभी होते. पहिलं वाक्य ऐकलं, दुसरं ऐकलं, आणि लॅपटॉप आणायला अशी पळाले की ओटीवरच्या टोपाला ठेचकाळले. परत येऊन शेणात पाय रोवून उभी राहिले आणि मायक्रोफोन पुढे धरला.

"पहिल्यापासून, काका," मी कुजबुजले.

काकांनी पहिल्यापासून सांगितलं. एक वाक्य, मग बिजलीकडे नजर, मग दुसरं वाक्य. काशिनाथच्या बादलीत दुधाची धार पडत होती. बाळाला गव्हाणीत ठेवलं, हे वाक्य आलं तेव्हा धार थांबली.

"गव्हानीत?" काशिनाथनं विचारलं. "असल्याच?"

मी त्याला गप्प करायला तळवा वर केला. काका मान हलवून हळूच म्हणाले, "चा मागून," आणि गोष्ट पुढे नेली. दोघांचे एवढे शब्द मला नंतर कापावे लागले.

देवदूत आला. "भिव नका," काका बिजलीला म्हणाले, "मी तुमच्यासाटी चांगली खबर आनलीय." बिजलीनं नाकातून मोठं फुर्र केलं आणि उरलासुरला पान्हा सोडला. काशिनाथची बादली भरली.

"तुमची हरकत नाही ना?" मी बाहेर आल्यावर काशिनाथला विचारलं. "म्हणजे, आमचं शास्त्र, तुमच्या गोठ्यात..."

"ताई, म्हशीला धरम नसतो," तो म्हणाला. "गोड बोललं का दूध देते."

मी ओटीवर बसून रेकॉर्डिंग प्रोग्रॅममध्ये घातलं. पिवळी ओळ एकेका वाक्यावरून शहाण्यासारखी चालत गेली. बाळ जन्मलं, गव्हाणीत निजलं, मग मेंढपाळ आले आणि त्यानंतरच घरी गेले. मी फोन टोपात ठेवला.

इंदूकाकी भाकऱ्या टाकायचं थांबवून दारात आल्या. पिठाचे हात तसेच.

"ह्यो कोन बोलतंय?"

"मीच की!" काका.

काकी टोपाकडे बघत राहिल्या. "मागं घे गो," त्या मला म्हणाल्या. मी 'भिव नका' पुन्हा लावलं. त्यांनी ते पूर्ण ऐकलं, मग नवऱ्याकडे वळल्या. "लगीन झाल्यापून माज्याशी असं एकदा तरी बोललाव का तुमी?"

"बोललो असंन!" काका म्हणाले. "तुला आयकू गेला नसंल!"

गोठ्यात बादली पडल्याचा आवाज आला आणि ओटी हसून लोटपोट झाली. काकी मात्र हसल्या नाहीत. भाकरी करपायला लागली तेव्हा आत गेल्या.

सकाळी साहेबांचा फोन. "उत्तम झालंय. पण मागे फुर्र असं काय वाजतं?"

"म्हैस."

"काढता येईल?"

"येईल. पण गोष्ट गव्हाणीची आहे, साहेब. म्हैस काढली तर बाळ कुठे ठेवायचं?"

साहेबांनी म्हैस ठेवली.

पुन्हा भिवंडी

रविवारी लूम जोरात चालू होते. उपासनेत अ‍ॅप सुरू झालं आणि काकांच्या त्या मऊ आवाजातलं एक अक्षर कोणाला ऐकू आलं नाही. पण सगळ्यांनी फोन हातात धरले होते आणि पिवळी ओळ बघत अख्खी मंडळी बेथलेहेमला जाऊन आली. माझ्या ओळीचा एवढा सन्मान कोल्हापुरातही झाला नव्हता. काका पहिल्या बाकावर छाती काढून बसले होते.

निघायच्या आधी इंदूकाकींनी मला कोपऱ्यात घेतलं आणि आपला फोन पुढे केला. "त्ये भिव नका हाय ना, त्येवडंच माज्या फोनच्या घंटीला लाव. ह्येंचा फोन आला का तेच वाजू दे."

मी लावून दिलं. पास्टरांनी काकांना खाली टपरीवर चहा सांगायला पाठवलं होतं. थोड्या वेळानं काकींचा फोन थरथरला. एवढ्या खडखडाटात घंटी कोणाला ऐकू येणार? काकींनी तो कानाशी धरला. मी बघत होते. फोन वाजत होता, काकी ऐकत होत्या आणि उचलत नव्हत्या.

"काकी, काकांचा फोन आहे. उचला की."

"उचलते गो," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "थोडं थांब. उचलला का परत वरडायला लागंल."